तो हात कुणाचा

लाल दिवा लागला होता आणि थोरला दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

ह्या घरात लाल दिव्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बाथरूमच्या दारावर बापाने स्वतःच्या हाताने बसवलेला तो बल्ब पेटला, की आत फोटो चाललेत असं समजायचं आणि बाहेर कोणाला कितीही घाईची लागो, दाबून धरायची. बाप गेला, आता आत धाकटा होता, पण कायदा तोच. गृहनिर्माण मंडळाने ह्या इमारतीत प्रत्येक घराला एकच बाथरूम दिलं आणि त्याला खिडकी दिली नाही. बाकीच्या बिऱ्हाडांनी त्यावरून मंडळाला शिव्या घातल्या. बाप मात्र राहायला आल्या दिवशी आत जाऊन दार लावून उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, काय सुंदर अंधार आहे!

"धाकट्या, अजून किती वेळ रे?"

"दार उघडलंस तर कागद जाईल, दादा."

"कागद जाईल म्हणे. इथे माझा जीव जायची वेळ आलीय."

"तुझं लहानपणापासून हेच," आई ट्रंकेवर बसून म्हणाली. "फोटोचं नाव काढलं की तुला लागलीच."

आईला सगळी इमारत ब्रशबाई म्हणायची. फोटो स्टुडिओत तिने उभी हयात रिटचिंगमध्ये काढली होती. बारीक ब्रश आणि भिंग घेऊन लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, डोळ्याखालचं काळं उजळायचं, कोणाचं टक्कल थोडं झाकायचं. सत्तरी उलटली तरी हात कापत नव्हता, आणि जिभेचं तर विचारूच नका.

खोली उघडीबोडकी झाली होती. भांडी पोत्यात, गाद्या दोरीने आवळलेल्या, कपाट कालच टेंपोतून नव्या जागेत गेलेलं. इमारत पाडणार होते. भिंतीवर एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे बापाचा मोठा फोटो, आणि तो शेवटी काढायचा असं ठरलं होतं.

तो फोटो बघायला एके काळी जिन्यात रांग लागायची. रंगाचं नाव नाही, सगळा काळा, पांढरा आणि मधला करडा. पण इमारतीची दर्शनी बाजू त्यात अशी भरगच्च आली होती, की बघणारा अर्धा तास हलत नसे. चार मजले, मधोमध जिना, जिन्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच खिडक्या आणि एकूण एक खिडकीत माणसं. कोणी अर्ध्या गालाला साबण फासलेला, कोणी तान्हं बाळ उंच धरलेलं, वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधून कोणाचं नुसतंच डोकं. एका खिडकीत भांडलेली दोन भावंडं दोन दिशांना तोंडं करून उभी. बाप समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता आणि त्याने जोरात शिट्टी वाजवली होती. शिट्टी झाली की सगळ्यांनी खिडकीत यायचं, असं त्याने आदल्या दिवशी घरोघर फिरून सांगितलं होतं. एवढी माणसं एका वेळी एका गोष्टीला कबूल झाली, असं त्या इमारतीत आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिसऱ्या मजल्यावरची डावीकडची शेवटची खिडकी ती आपली. त्या खिडकीत चौकड्यांच्या झग्यातली आई अर्धी बाहेर वाकून हसत होती, आणि तिच्या शेजारी खिडकीच्या कठड्यावर एक चिमुकला हात होता. तो हात थोरल्याचा. फोटो बघायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरला लहानपणापासून बोट लावून सांगत आला होता, "तो हात माझा." लग्नात बायकोलाही त्याने पहिली गोष्ट हीच सांगितली असणार.

आणि बरोबर त्याच मजल्यावर, उजव्या टोकाच्या खिडकीत, एक बाई पाठ करून उभी होती. तिचं घरातलं नाव पाठमोरी बया. "सगळी इमारत कॅमेऱ्याकडे बघतेय आणि ही बया घरात!" असं म्हणून आई दर वेळी पोट धरून हसायची.

आज ऊन समोरच्या भिंतीवर आलं, की धाकटा त्याच टाकीवरून, बापाच्याच कॅमेऱ्याने, तसाच फोटो काढणार होता. जुनी बिऱ्हाडं कुठून कुठून आली होती आणि आपापल्या रिकाम्या खोल्यांत सतरंज्या टाकून बसली होती. नवी इमारत झाली, की तिच्या दारात हे दोन फोटो शेजारी शेजारी लागणार, असं मंडळाने लेखी कबूल केलं होतं. जुनी प्रिंट ब्रशबाईच्या डागडुजीने जाड झालेली आणि पिवळी पडलेली, म्हणून धाकटा सकाळपासून मूळ निगेटिव्हवरून नवी काढत होता. म्हणून तो लाल दिवा.

भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं होतं.

"मी परत विचारते," सून, म्हणजे थोरल्याची बायको, चहाचे पेले पुढे ठेवत म्हणाली. "मी शेवटच्या खोलीच्या खिडकीत उभी राहिले तर कोणाचं काय बिघडतं?"

"परत तेच!" थोरला कळवळून म्हणाला. तो कळवळा कशाचा, हे सांगायला नकोच. "अगं, एकदा नाही म्हटलं ना?"

"का नाही, ते सांगितलं नाहीत."

शेवटची खोली म्हणजे ह्याच मजल्याचं दुसरं टोक. सून तिथे जन्मली होती. तिची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या बापाने वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला, पहिल्या संसाराच्या खुणा नकोत म्हणून फोटोंसकट सगळं सामान विकून फुंकून टाकलं आणि पोरीला मावशीच्या दारात सोडलं. पंधरा वर्षांनी ती ह्याच मजल्यावर सून होऊन परत आली, पण तोवर त्या खोलीत शिंपी राहायला आला होता. आता शिंपीही गेला होता आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

"हे बघ," आई म्हणाली, "तो फोटो दारात लागणार. लोक मोजणार, ब्रशबाईच्या खिडकीत कोण कोण आहे. सून दुसऱ्या खिडकीत दिसली की म्हणतील, पटत नाही दोघींचं."

"पटत नाहीच म्हणा की," ताई म्हणाली. ही मधली. बसमध्ये कंडक्टर होती आणि ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली होती. "पण वहिनी, दादाचं म्हणणं मला पटतं. एकाच खिडकीत सगळे दिसलो तर घर दिसेल. नाहीतर तू तिकडे, मी इकडे, धाकटा टाकीवर, कशाला कशाचा मेळ राहायचा नाही."

"तू तर पहिल्या फोटोतही नव्हतीस," सून म्हणाली.

"होते की! आईच्या पोटात होते. सातवा महिना!"

"अगं, मी काय म्हणतोय ते ऐक," थोरल्याने आवाज खाली आणला. "ज्या खोलीतून तुझ्या बापाने तुला हाताला धरून बाहेर काढलं, तिच्या खिडकीत जाऊन तू हसत उभी राहणार? मला नाही बघवणार ते."

सुनेला हे नवीन होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ह्याला आपल्या माहेरची लाज वाटते. तिने हातातला पेला खाली ठेवला. तिला काय हवं होतं, हे तिने कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. तिला स्वतःच्या आईचा चेहरा आठवत नव्हता. आवाज आठवायचा, केसांना लावायच्या तेलाचा वास आठवायचा, चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच यायचं नाही. भिंतीवरच्या फोटोतही त्या खिडकीत नुसती पाठच होती. त्या खिडकीत उभं राहिलं तर येईल, असं तिला वाटत होतं. उद्यापासून खिडकीच असणार नव्हती.

लाल दिवा विझला.

दार उघडलं आणि थोरला धाकट्याला जवळजवळ ढकलूनच आत घुसला. धाकटा ओली प्रिंट दोन्ही हातांत उंच धरून बाहेर आला. कागद वर्तमानपत्राच्या पानाएवढा होता. त्याने तो खोलीत बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी लावला आणि अंगठ्याने त्याचा कोपरा हलकेच निपटला. खाली टपटप पाणी पडायला लागलं.

"वा!" आई म्हणाली. "काळा बघ कसा आलाय. तुझ्या बापाला इतका काळा काळा कधी जमला नाही."

ताई मात्र भुवया चढवून कधी दोरीकडे, कधी भिंतीकडे बघत होती. "धाकट्या, हा उलटा काढलास."

"नाही."

"नाही कसा? आपली खिडकी डावीकडे पाहिजे. इथे आई उजवीकडे गेली."

"निगेटिव्हची मंद बाजू कागदाकडे, चकचकीत बाजू दिव्याकडे. फिल्मच्या कडेचे आकडे सरळ वाचता आले, तेव्हाच मी कागद लावला. हे चुकत नाही, ताई. मी दिवसभर दुकानात हेच करतो."

"म्हणजे तुझा बाप चुकला म्हणायचंय तुला?" आईचा आवाज चढला.

"मी काहीच म्हणत नाही. हा सरळ आहे, एवढंच."

"भिंतीवर चाळीस वर्षं लागलाय तो, आख्ख्या इमारतीने बघितलाय! शिंप्याने बघितला, शाळेच्या मास्तरने बघितला. प्रत्येकाने आपापली माणसं ओळखली, तेव्हा कोणी नाही म्हणालं उलटा आहे!"

"मसुराएवढे चेहरे, आई. सांगितलं की दिसतात."

ताईने डोकं चालवलं. रोज शंभर भांडणं तिकिटाच्या चिमट्याने मिटवणारी बाई ती, नुसत्या आवाजाने हटणार नव्हती. दोन्ही फोटोंत मधल्या जिन्याला लागून एक जाड काळी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. तो मोऱ्यांचा मोठा पाइप. भिंतीवरच्या फोटोत तो जिन्याच्या डाव्या अंगाला होता, दोरीवरच्या फोटोत उजव्या.

तिने बाथरूमच्या दारावर थाप मारली. "दादा! मोऱ्यांचा मोठा पाइप जिन्याच्या कुठल्या बाजूला आहे रे?"

थोरला प्लंबर होता. आतून उत्तर आलं, "शिंप्याच्या बाजूला. का?"

"नक्की?"

"नक्की काय नक्की! त्या पाइपाचा एकेक सांधा मी बदललाय. लटकून काम केलंय मी तिथे!"

"मंडळाने मधे कधी हलवला असेल का?"

"मोठा पाइप कोणी हलवतं का? सगळी इमारत खोदावी लागेल. जन्मला तिथेच मरतो तो. झालं काय पण?"

शिंप्याची बाजू म्हणजे टाकीवरून बघताना उजवी. पाइप गेली चाळीस वर्षं डोळ्यांसमोर होता, पण फोटोत माणूस आपली खिडकी बघतो, पाइप कोण बघतो?

"दादा, बापाने फोटो उलटा छापला होता," धाकटा हळूच म्हणाला.

"काय?"

"उलटा!"

"ऐकू येत नाही, नळ सुरू आहे!"

आईचा पारा चढला. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती, ओल्या प्रिंटकडे उजेडात बघायला. तशीच गर्रकन वळली, एक हात कमरेवर, दुसरा खिडकीच्या चौकटीवर, आणि खोलीच्या दिशेने ओरडली, "अरे, बाहेर ये आधी! इथे घर उलटं झालंय आणि तू आत काय करत बसलायस मेल्या!"

"आई," ताई म्हणाली. "हलू नकोस."

"का? काय झालं?"

"हलू नकोस म्हणते ना. तशीच राहा." ताई धावत शेजारच्या खोलीत गेली आणि तिथल्या खिडकीतून बाहेर वाकून आईच्या पाठीकडे बघायला लागली. तो अंबाडा, तो कमरेवरचा हात, बाहेर आलेलं कोपर. मग ती दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली. हसू तिला आवरेना. "पाठमोरी बया! अगं आई, पाठमोरी बया तूच आहेस!"

आई दोरीजवळच्या ट्रंकेवर येऊन बसली, भिंग काढलं, दोरीवरच्या फोटोत डावीकडची शेवटची खिडकी शोधली आणि स्वतःच्या पाठीकडे बघत राहिली. त्या पाठीला ती किती हसली होती! आणि मग तिला तो दिवस आठवला. शिट्टी झाली तेव्हा ती खिडकीत होती, केस विंचरून, नवा झगा घालून. पण थोरला गायब होता. ती हाका मारत वळली, तोवर टाकीवर बाप फोटो काढून मोकळा.

"हा बाथरूममध्ये होता," ती म्हणाली. "ऐन शिट्टीच्या वेळी. आठवलं मला. लागली म्हणून आत गेला तो बाहेर येईना. मी ओरडत होते."

"म्हणजे मी फोटोत नाहीच," ताई डोळे पुसत आत आली. "पोट घरात होतं!"

"आहेस गं. पलीकडच्या बाजूला आहेस."

"आणि बापाने उलटा का छापला असेल?" धाकट्याला ते सुटत नव्हतं. "निगेटिव्हच्या बाबतीत तो किती काटेकोर होता."

"पहिली प्रिंट काढली तेव्हा म्हणाले होते, काहीतरी चुकतंय, मी असं पाहिलं नव्हतं," आई आठवून म्हणाली. "मग त्यांनीच फिल्म फिरवली. म्हणाले, हां, आता बरोबर."

एवढं बोलून ती थांबली. तिची नजर दोरीवरच्या फोटोत उजव्या टोकाला गेली होती. तिथे चौकड्यांच्या झग्यात एक बाई अर्धी बाहेर वाकून हसत होती. ब्रशबाईने हा चेहरा किती वेळा रंगवला होता! भिंतीवरच्या प्रिंटवर नाक जरा बसकं दिसायचं, म्हणून तिने दर दोन-तीन वर्षांनी ब्रशच्या टोकाने ते नीट केलं होतं. आपलं नाक असं नाही, फोटोतच खराब आलंय, अशी तिची खात्रीच होती. नव्या प्रिंटवर ब्रश लागला नव्हता. तिथे ते नाक जसं होतं तसंच होतं.

"एकाच ताग्याचं कापड," ती स्वतःशीच म्हणाली. "त्या वर्षी वसाहतीच्या दुकानात एकच नक्षी आली होती. माझा हिरवा होता, तिचा लाल. फोटोत कुठला हिरवा नि कुठला लाल, दोन्ही करडेच." मग तिने मान वर केली. "सूनबाई, इकडे ये."

सून जागची हलली नाही. तिला आधीच कळलं होतं. ताईने पाइपाचं विचारलं तेव्हाच कळलं होतं, पण खरं नसलं तर काय, म्हणून ती चहाचे रिकामे पेले एकात एक घालत बसली होती.

"ये म्हणते ना. हे धर."

सासूने भिंग तिच्या हातात दिलं. ह्या भिंगाला आई घरात कोणाला हात लावू देत नसे. पोरांनी त्यासाठी मार खाल्ला होता. सून ओल्या कागदाजवळ गेली. पाण्याचा थेंब तिच्या मनगटावर पडला.

आधी नुसते ठिपके दिसले. मग भिंग थोडं मागे घेतल्यावर चेहरा आला. रुंद कपाळ, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, बसकं नाक. ती रोज सकाळी केस विंचरताना आरशात हेच नाक बघत होती.

"ही माझी आई," ती म्हणाली.

"हो गं."

"मी हिची काच पुसायचे. दर रविवारी. तुम्हीच आहात असं समजून."

"पुसायचीस खरी," आई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "आणि मी तिचं नाक बदलत बसले होते. फार चांगली होती गं. शिट्टी ऐकून आख्ख्या इमारतीत सगळ्यात आधी तीच बाहेर आली असणार. तिला कशाचीही हौस."

सून रडेल असं ताईला वाटलं होतं आणि तिने रुमालही काढून ठेवला होता. सून हसली. आणि हसताना तिचा तो चढलेला दात दिसला. चाळीस वर्षं घरात लागलेल्या फोटोतला, आणि कोणीच कधी जोडून न बघितलेला.

थोरला बाहेर आला. ओले हात झटकत त्याने विचारलं, "काय उलटं झालंय?"

ताईने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. थांबा आला की ती असंच सांगायची, फापटपसारा नाही. थोरल्याने एक फोटो बघितला, दुसरा बघितला, पाइप बघितला. प्लंबर माणूस, पाइपाची साक्ष मानावीच लागली. मग त्याने पुढे होऊन दोरीवरच्या फोटोत, हसणाऱ्या बाईच्या शेजारी, कठड्यावर बोट टेकवलं.

"बरं. ते असू दे. पण हा हात तर माझाच ना?"

ताईने आईकडे बघितलं.

"माझाच आहे हा."

"दादा," ताई म्हणाली, "त्या वेळी तू कुठे होतास, ते आई आत्ताच सांगून बसलीय."

थोरल्याचं बोट तिथेच राहिलं. आयुष्यभर तो त्या हाताचा मालक होता. शाळेत पोरांना, पुढे साइटवरच्या लोकांना, मंडळाच्या साहेबाला, सगळ्यांना त्याने तो दाखवला होता. बाप त्याला फारसा कधी जवळ घेणारा नव्हता. पण बापाच्या सगळ्यात मोठ्या फोटोत आपला हात आहे, ह्यावर त्याचं भागत होतं. आता तिथे त्याचं काहीच नव्हतं. त्याला राग आला, पण रागवायचं कोणावर, ते कळेना.

त्याने बायकोकडे बघितलं. ती भिंगातून तो हात बघत होती.

"मी डब्यावर उभी असायचे," ती म्हणाली. "उंची पुरायची नाही. आई म्हणायची, घट्ट धर." तिने भिंग खाली केलं. "अहो, हा माझा हात आहे."

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने त्याला विचारलं होतं, तुम्ही तेव्हा मोठे होतात, माझी आई दिसायला कशी होती सांगा ना. त्याने आठवायचा प्रयत्न करून म्हटलं होतं, काही लक्षात नाही बुवा. त्या वेळी दोघंही ह्याच फोटोखाली बसले होते. हे आता थोरल्याला आठवलं आणि त्याने मान फिरवली.

"ठरलं," आई उठून म्हणाली. तिचा आवाज जागेवर आला होता. "सूनबाई शेवटच्या खोलीत उभी राहील. तिच्या आईच्या खिडकीत. कोणी काही बोलायचं नाही. आणि आज मी तोंड दाखवणार आहे, सगळ्यांनी ऐकून ठेवा. पाठ बघितली तेवढी पुरे झाली."

"लोक म्हणतील ना, पटत नाही दोघींचं?" ताईने डिवचलं.

"म्हणू देत. माझी सून दोन खिडक्यांची आहे म्हणावं."

हत्यारांच्या पिशवीतून थोरल्याने पाना आणि एक जुना हातोडा काढला आणि दाराबाहेर निघाला. आई ओरडली, "कुठे निघालास? ऊन यायला लागलंय!" तो म्हणाला, "आलोच," आणि गेला.

धाकटा टाकीवर चढला तेव्हा ऊन नेमकं भिंतीवर आलं होतं. खालून इमारत बघितली तर अंगावर आल्यासारखी वाटायची. वरून ती सरळ समोर उभी राहायची, सगळ्या खिडक्यांसकट. माणसं अजून आत होती. फक्त सावल्या हलत होत्या, कुठे सतरंजी झटकली जात होती, कोणीतरी कोणाला तरी "अरे, केस तरी नीट कर" म्हणत होतं.

त्याने बापाचा दोन भिंगांचा कॅमेरा छातीशी धरला आणि वरचं झाकण उघडून काचेत बघितलं. हा कॅमेरा असा खाली मान घालूनच बघायचा. काचेत इमारत आली. जिना आला, पाइप आला.

पाइप डावीकडे होता.

धाकट्याने मान वर केली. समोर पाइप उजवीकडे. परत काचेत बघितलं, परत डावीकडे. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण लोकांचे पासपोर्ट फोटो काढताना कोण डावं-उजवं बघत बसतं? बाप मात्र तासन्‌तास काचेत बघत बसायचा. ही इमारत त्याने डोळ्यांनी कमी आणि काचेतच जास्त बघितली असणार. म्हणून सरळ प्रिंट त्याला चुकीची वाटली आणि उलटी बरोबर. धाकटा एकटाच टाकीवर मोठ्याने हसला. बापाबद्दल इतकं स्पष्ट त्याला कधी काही कळलं नव्हतं.

त्याने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

खिडक्या भरल्या. एकामागून एक नाही, सगळ्या एकदम. जुनी माणसं, त्यांची मुलं, त्यांच्या कडेवरची मुलं. रंगीत कपडे, पण उद्या सगळे करडे होणार होते. कोणी काठी वर केली, कोणी बाळ. भांडलेल्या भावंडांपैकी एकच उरलं होतं, आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे बघत होतं.

धाकट्याने काचेत घरची खिडकी शोधली. ताई गणवेशात, टोपीसकट, हात उंचावून उभी. तिच्या शेजारी आई.

आईची पाठ होती.

ती आतल्या बाजूला वळून ओरडत होती. एक हात कमरेवर, कोपर बाहेर. तिचा आवाज रस्ता ओलांडून टाकीपर्यंत येत होता. "अरे थोरल्या! कुठे मेलास? आजही बाथरूममध्ये?"

धाकट्याने बटणावरचं बोट थांबवलं. आई वळेपर्यंत थांबावं, की परत शिट्टी मारावी? त्याने काचेतच नजर दुसऱ्या टोकाला नेली.

शेवटच्या खिडकीत सून होती. अर्धी बाहेर वाकली होती आणि हसत होती, तो चढलेला दात दाखवून. गंजून अडकलेली खिडकी हातोड्याने ठोकून कोणीतरी पूर्ण उघडली होती. आत, तिच्या पलीकडे, एक माणूस गुडघ्यावर बसून खाली वाकला असावा, म्हणजे आपलं तोंड दिसू नये. त्याचा चेहरा दिसत नव्हता, खांदाही नाही.

फक्त एक हात वर आला होता आणि कठडा घट्ट धरून बसला होता. मोठा, काळवंडलेला, पाना धरून राठ झालेला.

आईची पाठ तशीच राहू देऊन धाकट्याने बटण दाबलं. ह्या वेळी तो हात थोरल्याचाच होता.